सतरा नंबरचं ‘चालते’

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हेमलता मत्तेच्या घरातला कूलर आपणहून थांबला आणि तिच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही. चंद्रपुरात, मे महिन्याच्या शेवटी, नवतपा चालू असताना ही साधी गोष्ट नव्हे. नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ दिवस, ज्यांत इथला माणूस दुपारी दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी डोक्याला दुपट्टा गुंडाळतो आणि मगच चपला शोधतो. बाहेर सत्तेचाळीस अंशांचं ऊन होतं. हेमलतेनं ताटातला भात कालवला आणि खिडकीकडे कान दिला. मागच्या ओळीत एक कूलर घरघरत सुरू झाला. तिचा वाटा तिकडे गेला होता आणि वीस मिनिटांनी परत येणार होता. ती शांतपणे जेवत राहिली.

वनश्री कॉलनीत बत्तीस घरं होती आणि त्या सगळ्यांच्या नशिबी एकच डीपी, म्हणजे कोपऱ्यावरचा तो विजेचा ट्रान्सफॉर्मर. आदल्या वर्षी नवतप्यात बत्तीस घरांनी एकदम कूलर, एसी आणि पाण्याच्या मोटरी लावल्या आणि डीपी मोठा आवाज करून उडाली. तीन दिवस वीज नव्हती. त्या तीन दिवसांत शेजारी एकमेकांच्या घरातले एसी मोजत फिरले आणि वीस वर्षांची मैत्री असलेल्या दोन बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. हेमलता आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची निदेशक होती. नवरा गडचिरोलीला बदलीवर, घरात ती एकटी, आणि हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. डीपी लहान आहे हे तिला मान्य होतं. पण भांडण डीपीमुळे झालेलं नाही, सगळ्यांनी एकाच वेळी ओढाताण केल्यामुळे झालंय, असं तिचं मत पडलं. मग तिनं हिवाळाभर बसून डबी तयार केली.

डबी साबणाच्या वडीएवढी होती. ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसायची आणि कूलरची पिन डबीत. तिच्या पोटात नखाएवढा एक सूक्ष्मनियंत्रक होता. एका चकतीवर मावलेला छोटा संगणकच म्हणा. त्याला मोजकंच येत होतं: वीज किती वाहतेय ते मोजायचं, खोलीचं तापमान पाहायचं, यंत्र चालू-बंद करायचं आणि शेजारच्या डब्यांशी रेडिओ लहरींवर बोलायचं. एका डबीचा आवाज तीन-चार घरांपलीकडे पोचत नसे, पण ऐकलेला निरोप प्रत्येक डबी पुढे देई. त्यामुळे पहिल्या घरातली बातमी कानोकानी बत्तिसाव्या घरात डोळ्याची पापणी लवायच्या आत जात होती. घरमालक ऑफिसात असला तरी फोनवरून निरोप धाडायचा, की त्याचा कूलर तो येण्यापूर्वी आपला नंबर लावून ठेवायचा. मध्ये कुठलाही मोठा संगणक नव्हता.

“पण मॅडम, मालक कोण ह्याच्यात?” कॉलनीचे सचिव बंडूभाऊ नागपुरे यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. “मेन बटन कोणाच्या तरी हाती असंलच न?”

“बत्तीस घरांच्या हाती. एकट्या कोणाच्याच नाही. माझ्यासुद्धा नाही,” हेमलता म्हणाली होती. या वाक्याचा तिला डबीपेक्षाही जास्त अभिमान होता. म्हणून तर तिनं या जाळ्याला ‘पंगत’ नाव दिलं. पंगतीत सगळे एका ओळीत बसतात, वाढप फिरत राहतं आणि प्रत्येकाच्या पानात पडतं.

वाढप फिरायचं ते असं. सुरुवातीला प्रत्येक घरानं आपली गरज एक ते दहा या आकड्यात सांगायची. डीपीवर भार वाढला की एखाद्या घरातली डबी बारीक आवाज करून विचारायची: थोडं थांबता का? डबीवर दोन बटणं होती. हिरव्यावर लिहिलं होतं ‘पाहिजे’ आणि पिवळ्यावर ‘चालते’. ‘चालते’ दाबलं की तुमचा वाटा वीस मिनिटं दुसऱ्या घरी. कोणी रागावून डबीच उपटू नये म्हणून असा ठराव झाला, की डबी उपटली तर बाकीच्या एकतीस डब्या कर्कश वाजतील आणि ‘अमुक नंबरनं पंगत मोडली’ असं दाखवतील. चारचौघांत असं नाव निघण्याची धास्ती पुरेशी होती. आजवर एकदाही डबी उपटली गेली नव्हती.

सतरा नंबरचं घर देवराव पिंपळशेंडे यांचं. वनखात्याच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, एकटे. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी वंदना हैदराबादला. फेब्रुवारीत हेमलता डबी बसवायला गेली तेव्हा त्यांनी आधी तिला खुर्ची पुसून दिली.

“चहा घेशीन न हेमा?”

“नको काका, आत्ताच घेतला.”

“अर्धा कप.”

“खरंच नको.”

“बरं, मग चिवडा खा. वंदनानं पाठवला आहे.”

“काका, नको न, उशीर होतोय मला.”

देवराव उठले. आत गेले आणि चहाही घेऊन आले, चिवडाही. हेमलता दोन कप चहा प्यायली आणि तिनं बशी पुसून चिवडा खाल्ला, कारण सकाळपासून ती उपाशी होती आणि हे त्यांना तिच्या तोंडावरच दिसलं होतं. मग तिनं अर्ज काढला. कूलरची गरज किती, एक ते दहा?

“आमचं काय बाई, एक जीव. टाक एक.”

“एकच? उन्हाळा कडक आहे काका.”

“मी डेपोत भर दुपारी लाकडं मोजली चाळीस वर्षं. कायले मले कूलर. लेकराबाळांच्या घरी जाऊ दे.” वंदनाला हैदराबादहून फोनवर त्यांचा कूलर चालवता यावा, अशी सोय करून देते, असंही हेमलता म्हणाली. त्यालाही ते नको म्हणाले. पोरीनं आपला संसार पाहावा.

हेमलतेनं अर्जात एक लिहिला. चिवड्याचं तेल लागलेल्या बोटानंच लिहिला.

नवतप्याचा पाचवा दिवस उजाडला आणि डीपी ठणठणीत होती. शेजारच्या तीन कॉलन्यांत वीज गेली होती. तिथली माणसं वनश्रीत येऊन डबी हातात घेऊन पाहत होती. बंडूभाऊ दारादारात उभे राहून पंगत समजावून सांगत होते, जणू हिवाळाभर डब्यांच्या तारा त्यांनीच डाग देऊन जोडल्या होत्या. रविवारी बैठक घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. ज्या घरानं सगळ्यांत जास्त वेळा आपला वाटा दिला, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा.

हेमलतेनं फोनवर नोंदी उघडल्या. त्या प्रत्येक डबीत सारख्याच असत, त्यामुळे कोणत्याही घरातून पाहता येत. पहिलं नाव सतरा नंबरचं होतं. दुसऱ्या क्रमांकाचं घर त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. तिला आतून भरून आलं. तिनं कैरीचं पन्हं केलं, स्टीलच्या डब्यात भरलं आणि चार वाजता, बातमी आपणच द्यावी म्हणून, डोक्याला दुपट्टा बांधून सतरा नंबरला गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गरम होतं. देवराव कूलरसमोर फरशीवर पडले होते. गळ्यात पंचा होता. तो ओला केलेला असणार, पण आता वाळून कडक झाला होता. तिनं कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही.

“काका! काका, हेमा आहे मी.”

त्यांनी डोळे अर्धवट उघडले. “सुशीला, पाणी टाकलं का मोगऱ्याले?” असं काहीसं म्हणाले. सुशीला त्यांची गेलेली बायको.

कूलर बंद होता. हेमलतेनं डबीवरचं हिरवं बटण दाबलं. डबीवरच्या छोट्या काचेच्या पट्टीवर अक्षरं उमटली: रांगेत क्रमांक अकरा. तिनं पुन्हा दाबलं. रांगेत क्रमांक अकरा. गरज एक, नेहमी ‘चालते’ म्हणणारं घर. पंगत त्याला आणखी कुठं बसवणार? तिनं फोन काढला आणि काढल्यावर तिच्या लक्षात आलं की फोनवरूनही काही होणार नाही. मेन बटण नव्हतंच. ते असू नये म्हणून तिनंच जिवाचं रान केलं होतं.

तिनं डबी दोन्ही हातांनी धरून उपटली आणि कूलरची पिन सरळ भिंतीत खुपसली. पंखा फिरला, पाणी वाळ्याच्या जाळीवरून झिरपायला लागलं. त्याच क्षणी कॉलनीतल्या एकतीस डब्या कर्कश वाजल्या.

सगळ्यांत आधी बंडूभाऊ आले, बनियनवर, संतापून. “कोण आहे जी तो? पंगत मोडायले लाज नाही वाटत?” मग दारातच त्यांचा आवाज बसला. मागून अजून सात-आठ जण आले, भांडायलाच आलेले. पुढच्या पाच मिनिटांत ते बर्फ आणत होते, चादरी ओल्या करत होते, आणि बंडूभाऊ गाडीचा एसी लावून दारात उभे होते. उष्माघाताच्या माणसासाठी मदत मागवावी असं त्या डबीला शिकवलेलं नव्हतं. मदत आली ती गुन्हा केल्यामुळे. हेमलतेला हे नंतर कितीतरी दिवस छळत राहिलं.

देवराव वाचले. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचा फरक होता.

वंदना दुसऱ्या दिवशी सकाळी आली. हेमलता दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बाकावर बसली होती. वंदना शेजारी बसली. मग तिनं अगदी हळू विचारलं, “ताई, डबी विचारते न, ‘थांबता का’ म्हणून? बाबांना विचारलं नव्हतं?”

“विचारलं होतं. पहिल्या दिवशी दहा वेळा विचारलं. दहाही वेळा त्यांनी ‘चालते’ दाबलं.”

“आणि मग?”

“मग विचारणं बंद झालं.” हेमलतेला हे सांगताना तिच्याकडे पाहवलं नाही. “दर वेळी विचारत बसलं की डब्यांची आपसातली बडबड वाढते. म्हणून मी लिहून ठेवलं होतं, की सलग दहा वेळा होकार आला तर पुढचा होकार गृहीत धरायचा.”

“म्हणजे तुम्ही ते खरं मानलं?” वंदना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “बाबा घरी जेवतानासुद्धा दुसरी पोळी आधी नको म्हणतात. मग आई वाढायची आणि ते खायचे. साऱ्या कॉलनीला माहीत आहे हे. तुम्हालाही माहीत आहे.”

हेमलतेला माहीत होतं. तिला चिवडा आठवला. तीन वेळा नको म्हणून आपण बशी पुसून खाल्ली, आणि तीच आपण घरी जाऊन यंत्राला शिकवलं, की माणूस जे म्हणतो तेच त्याच्या मनात असतं. पंगत मांडली आणि आग्रह करणारा माणूस बसवायचाच विसरलो. आयुष्यात इतकी शरम तिला कधी वाटली नव्हती.

घरी येऊन तिनं पाच दिवसांच्या नोंदी ओळ न ओळ वाचल्या. डबी चुकली नव्हती. बत्तीस डब्यांनी मिळून, कुणाच्याही मनात वाईट नसताना, जिथून ओढायला सगळ्यांत सोपं जातं ते घर शोधून काढलं होतं. कॉलनीची थंड हवा सतरा नंबरच्या भिडेवर चालली होती. शेवटच्या दिवशी देवरावांचा कूलर तासाला जेमतेम पाच मिनिटं फिरला होता. आणि दहा आकडा टाकलेली घरं अकरा निघाली. त्यातलं एक बंडूभाऊंचं होतं.

रविवारी सत्कार झाला नाही, बैठक मात्र झाली. बंडूभाऊ आपणहून उभे राहिले. “मी सासूबाईंच्या दम्यासाठी दहा टाकले होते,” ते म्हणाले, “आणि सासूबाई वरोऱ्याले राहतात.” हसू आलं तरी कोणी हसलं नाही. पंगत मोडून टाकावी असं काहींचं म्हणणं पडलं. पण पंगत मोडली तर दुसऱ्याच दुपारी डीपी उडणार आणि मग देवरावांसारखी माणसं एक नाही, पाच पडणार, हेही सगळ्यांना दिसत होतं. शेवटी हेमलतेनं आठ दिवस मागून घेतले.

तिनं नवीन नियम लिहिला आणि त्याला सरळ ‘आग्रह’ असं नाव दिलं. एक ते दहाचे आकडे काढून टाकले. होकार गृहीत धरायची ओळ खोडली. जो सारखा ‘चालते’ म्हणेल, त्याच्यावर डबीनं विश्वास ठेवायचा नाही. खोली तापलेली असेल तर कूलर चालू करायचा. बंद केला तर परत विचारायचं, परत चालू करायचा, आणि तिसऱ्यांदाही माणूस नको म्हणाला तर शेजारच्या दोन घरांना निरोप द्यायचा: जाऊन बघून या. पट्टीवर अक्षरं उमटायची, “घ्या न जी, सगळ्यांना पुरते.” हे वाक्य तिनं दोनदा बदललं आणि शेवटी देवराव चहाचा कप पुढे करताना जसं म्हणाले असते तसं ठेवलं.

देवराव घरी आले तेव्हा सत्तेचाळीसाचं ऊन बेचाळीसवर उतरलं होतं. पहिल्याच दुपारी त्यांनी सवयीनं पिवळं बटण दाबलं. कूलर थांबला, मिनिटभरानं पुन्हा सुरू झाला. त्यांनी पट्टीवरचं वाक्य वाचलं आणि एकटेच खो-खो हसले. वंदनानं हे दारातून पाहिलं आणि पदराला डोळे पुसले. मग ती निर्धास्त होऊन हैदराबादला परत गेली. महिनाभरात शेजारच्या तिन्ही कॉलन्यांनी पंगत घातली. आग्रहासकट.

त्याआधीच, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास, देवराव काठी टेकत हेमलतेच्या दारात आले. ते आपणहून कोणाकडे जात नसत. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुझ्या डबीनं जीव वाचवला हेमा, तिले नाव ठेवत नाही मी,” त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. “पण संध्याकाळी न, सुशीलानं लावलेल्या मोगऱ्याले पाणी टाकतो मी. मागचं दार उघडं ठेवतो. तो वास येते घरात. चार वर्षं तेवढंच एक चाललं आहे माझं. कूलर चालू झाला की सारा वाळ्याचा वास. मोगऱ्याचा पत्ताच नाही लागत.”

“मग बंद करायचा न, काका.”

“करतो न. ते चालू करते. तीनदा बंद केलं की बंडूभाऊ येतात, आणि ते बिचारे लिंबू सरबत घेऊन येतात. त्यांले कसं म्हणू जा म्हणून?” त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. “थोडं गरम होते, होऊ दे. ह्या वेळचं माझं नको खरंच नको असते. आता हे तुझ्या डबीले कसं सांगू?”

हेमलतेजवळ एक उत्तर होतं. पण ते असं की तिला लगेच सांगवेना. माणसाला हे तोंड पाहून कळतं, तिला स्वतःलाही आत्ता कळत होतं, आणि टेबलाच्या खणात तुरीच्या दाण्याएवढा एक कॅमेरा पडून होता. डबीत तो बसवला की डबी चेहरा पाहील. भिडेचं नको कोणतं आणि मनापासूनचं कोणतं, ते महिनाभरात ओळखायला शिकेल. देवरावांना त्यांचा मोगरा परत मिळेल. आणि बत्तीस घरांत, उद्या बत्तीसशे घरांत, संध्याकाळी एकट्या बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे भिंतीतून कोणीतरी टक लावून पाहत राहील. त्याला कानोकानी बोलायचीही सवय आहे.

तिनं खण उघडला आणि तो दाणा तळहातावर घेऊन त्यांना दाखवला. काय होईल ते सगळं नीट समजावून सांगितलं, काही लपवलं नाही.

“बसवू का काका, तुमच्या डबीत?”

देवरावांनी दाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं एवढी मेहनत घेतली होती, त्यांना दवाखान्यात पोचवलं होतं, त्यांच्यासाठी आठ दिवस जागची हलली नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि काठीची मूठ अंगठ्यानं चोळली.

“चालते न,” ते म्हणाले.

हेमलता त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पंचवीस वर्षांची ओळख होती, दोन हातांचं अंतर होतं, अजून चांगला उजेड होता. हे ‘चालते’ कोणतं होतं?